दोन साड्या, एक माहेर

मयताला जाण्याचा प्रवास कुणी हौसेनं करत नाही. मिळेल त्या गाडीत चढायचं आणि पोहोचेपर्यंत गप्प बसायचं. तरीही असा एक प्रवास माझ्या आयुष्यात आहे, जो आठवला की आजही मला बरं वाटतं.

2004 चा जुलै महिना होता. संध्याकाळी सहाच्या सुमारास गावाहून फोन आला, आत्या गेली. रत्नागिरीजवळच्या एका खेड्यात ती राहायची. ‘सकाळपर्यंत थांबतो. माहेरची माणसं या,’ एवढंच तिचा मुलगा बोलला.

आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची लागते. दुकानं बंद व्हायच्या आत मी दादरला एक साडी घेतली. कशासाठी हवी, ते दुकानदारानं विचारलं नाही. माझ्या तोंडावरून त्याला कळलं असावं. रात्री कोकणकन्येच्या जनरल डब्यात कसाबसा शिरलो.

खरं तर आत्याचं माहेर एक राहिलं नव्हतं. माझे बाबा आणि धाकटे काका यांच्यात फाटलं होतं. दोघंही पुढे गेले, पण अबोला आमच्यावर ठेवून गेले. चुलतभावाशी, म्हणजे दादाशी, मी अकरा वर्षं बोललो नव्हतो.

सांगायला कारण घराच्या वाटणीचं होतं. मूळ मात्र 1986 मधलं. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. आजोबा गेल्याची तार आली आणि बाबा मिळेल ती एसटी पकडून निघाले. पावसात कशेडी घाटात गाडी अडकली. ते पोहोचले तेव्हा चिता विझत आली होती. अग्नी काकांनी दिला होता. ‘मी थोरला. माझी वाटसुद्धा पाहिली नाही,’ हे बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले. ते ऐकतच मी मोठा झालो.

ठाण्याला गाडी थांबली आणि गर्दीच्या लोंढ्यात दादा-वहिनी आत आले. नजरानजर झाली. मी जरा सरकलो. वहिनी टेकल्या, दादा उभाच राहिला. पनवेलला थोडी जागा झाली, तेव्हा तोही बसला.

वहिनींनी पिशवीतून डबा काढला. ‘भावोजी, दोन घास खाऊन घ्या. तिथे आज चूल पेटायची नाही.’ पोळी आणि बटाट्याची भाजी. तिघांनी एकाच डब्यात हात घातला.

खाता खाता दादा म्हणाला, ‘आजोबा गेले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. बाबांनी मला छत्री देऊन दिवसभर एसटीच्या थांब्यावर उभं केलं होतं. गाडी आली की मी काकांना शोधायचो. लोक म्हणत होते, आता उचला, वहाळाला पाणी चढलं तर पलीकडे जाता येणार नाही. बाबा म्हणत होते, थोरला येतोय. दिवस मावळायला आला, तेव्हा कुठे उचललं.’

‘मग काकांनी हे बाबांना सांगितलं का नाही?’

‘काका आले तेच ओरडत. मग बाबाही हट्टाला पेटले. म्हणाले, त्याला तसंच वाटत असेल तर वाटू दे.’

मी काहीच बोललो नाही. छत्री घेऊन चिखलात उभा असलेला एक पोरगा डोळ्यांसमोरून हलेना. तो दिवसभर माझ्याच बाबांची वाट पाहत होता. मग मीही बोलू लागलो. बोगदा आला की त्या आवाजात बोलणं थांबायचं, संपला की पुढे सुरू. आत्याच्या हातच्या घावन्यांची आठवण निघाली तेव्हा आम्ही हसलोसुद्धा, आणि हसता हसता दादाला रडू फुटलं.

पहाटे रत्नागिरीला उतरलो आणि एकाच रिक्षातून घरी पोहोचलो. आत्याला आंघोळ घालून झाली होती. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी विचारलं, ‘माहेरची साडी कुणी आणलीय?’

मी पिशवी पुढे केली. त्याच क्षणी दादानंही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काय करावं कळेना. काकूंनी दोन्ही पिशव्या घेतल्या आणि म्हणाल्या, ‘एक नेसवते, एक पांघरते.’ कोणती कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही.

दादानं आणि मी शेजारी शेजारी खांदा दिला. दुपारी शेजाऱ्यांनी आणलेलं पिठलं-भात एका पंगतीत बसून खाल्लं. घराची वाटणी पुढच्या वर्षी झाली, ती ओसरीवर बसून, बोलून.

तार आता राहिली नाही, 2013 मध्ये ती बंद झाली. निरोप क्षणात मिळतो. माझ्या बाबांसारखं ताटकळणं आता सहसा कुणाच्या वाट्याला येत नाही. पण ‘त्या दिवशी नेमकं काय झालं होतं,’ हे विचारायला आपण अजूनही तितकाच उशीर करतो. मी अकरा वर्षं विचारलं नाही. कळायला पनवेल ते रत्नागिरी एवढा प्रवास पुरला.