जलप्रवासातील सुरक्षितता आणि प्रवाशाचे कर्तव्य

(शिक्षक, ग्रामस्थ व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



समुद्र हा गोमंतकीय जीवनाचा जुना सोबती आहे. येथील तारवटी पिढ्यान्‌पिढ्या जगातील सागरांवर चाकरी करीत आले आहेत. मुंबई-पणजी आगबोटीच्या डेकवर चटई अंथरून रात्र काढलेली वडीलधारी माणसे आजही गावोगावी भेटतात. मालवण, वेंगुर्ल्यासारख्या बंदरांत ती बोट दूर खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणीत असत. त्या प्रवासात पाण्याचे भान सुटणे शक्यच नव्हते. आता मुरगाव बंदराला पर्यटकांची प्रचंड क्रूझ जहाजे लागतात. त्यांवर दहा-दहा मजले असतात, भोजनगृहे, नाट्यगृहे व पोहण्याचे तलाव असतात. आत पाऊल टाकले की आपण एखाद्या नगरात आलो आहोत असे वाटते, आणि पायाखाली अथांग पाणी आहे ही गोष्ट प्रवासी अर्ध्या तासात विसरून जातो.

प्रवाशांच्या जीविताची पहिली जबाबदारी कप्तानाची, त्याच्या अधिकाऱ्यांची आणि जहाजाच्या मालकाची असते, याविषयी दुमत नाही. तथापि प्रवाशाचेही एक कर्तव्य आहे. ते संकट ओढवल्यानंतर सुरू होत नाही. बोट धक्क्यावरून सुटण्यापूर्वीच सुरू होते. या विधानाची सत्यता पटविणारी एक घटना इटलीच्या समुद्रात घडली.

एका रात्रीची हकीकत

दिनांक १३ जानेवारी २०१२ रोजी सायंकाळी सातनंतर ‘कोस्टा काँकॉर्डिया’ हे इटालियन जहाज रोमजवळील चिव्हितावेक्किया बंदरातून निघाले. त्याची लांबी २९० मीटर होती. त्यावर ३,२०६ प्रवासी व १,०२३ कर्मचारी, अशी एकूण ४,२२९ माणसे होती. एवढी वस्ती आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावाची असते. रात्री पावणेदहाच्या सुमारास कप्तानाने जिल्यो नावाच्या बेटाला अगदी खेटून जाण्याच्या हौसेपायी जहाज नेहमीच्या मार्गावरून वळविले आणि ते खडकावर आदळले. डाव्या कुशीला ५० मीटरहून लांब चीर पडली. यंत्रशाळेत पाणी शिरले आणि दिवे गेले.

प्रवासी त्या वेळी जेवणास बसले होते. विजेच्या व्यवस्थेत बिघाड झाला आहे, असे त्यांना सांगण्यात आले. धोक्याचा भोंगा वाजला तो साडेदहानंतर, आणि जहाज सोडण्याची आज्ञा झाली ती अकराला काही मिनिटे कमी असताना. तोपर्यंत तासाहून अधिक मोलाचा काळ निघून गेला होता. जहाज कलत चालले होते व त्यामुळे जीवननौका पाण्यात सोडणे अधिकाधिक कठीण होत गेले. ३२ माणसे प्राणास मुकली. त्यांत एक भारतीय कर्मचारीही होता. त्याचे अवशेष सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, म्हणजे पावणेतीन वर्षांहून अधिक काळाने हाती लागले.

सर्व माणसे उतरण्यापूर्वीच कप्तानाने जहाज सोडले होते. तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्याने त्याला जहाजावर परत जाण्याची कडक शब्दांत आज्ञा केली. तो गेला नाही. इटलीच्या न्यायालयाने २०१५ मध्ये त्यास १६ वर्षांची शिक्षा ठोठावली व २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

दोष कोणाचा, हे न्यायालयाने ठरविले आहे. प्रवाशांना बोल लावण्याचे कारण नाही. परंतु याच घटनेतील आणखी एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. त्या सायंकाळी चिव्हितावेक्किया येथे नव्याने चढलेल्या सुमारे ७०० प्रवाशांची सुरक्षा कवायत झालीच नव्हती. ती दुसऱ्या दिवशी व्हावयाची होती. यात कोणताही नियम मोडला गेला नव्हता. कारण प्रवासी चढल्यापासून २४ तासांत कवायत घ्यावी, असा त्या काळचा नियम होता. संकट मात्र अडीच तासांतच येऊन ठेपले. अंधार, कललेले जिने आणि आज्ञा देणाऱ्यांचा गोंधळ, अशा वेळी जाकीट कोठे आहे आणि कोणत्या जागी जमावयाचे आहे, एवढे ज्ञान तरी माणसाच्या पदरी असावयास हवे होते. वरून आज्ञा येत नाही तेव्हा प्रवाशाजवळ अगोदरची माहितीच काय ती उरते.

त्या रात्री बेटावरील रहिवाशांनी जी माणुसकी दाखविली तीही नमूद केली पाहिजे. हिवाळ्यात जिल्यो बेटावर जेमतेम काही शेकडा लोक राहतात. त्यांनी हजारो भिजलेल्या, गारठलेल्या परक्या माणसांसाठी आपली घरे, शाळा आणि चर्च उघडून दिले आणि घरातील पांघरुणे त्यांच्या अंगावर घातली.

नियम आणि सवय

समुद्रावरील सुरक्षिततेचे बहुतेक नियम अशा दुर्घटनांतूनच जन्मास आले आहेत. एप्रिल १९१२ मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाले व सुमारे १,५०० माणसे मृत्युमुखी पडली. त्या जहाजावर २,२०० च्या आसपास माणसे होती आणि जीवननौकांत जागा होती फक्त १,१७८ जणांना. असे असूनही पहिली नौका पाण्यात सोडली गेली तेव्हा ६५ जणांच्या जागेत केवळ २८ माणसे बसली होती. एवढे अवाढव्य जहाज बुडेल यावर अनेकांचा विश्वासच बसेना. ऊबदार जहाज सोडून काळोख्या समुद्रात लहानशा होडीत उतरण्यास ते राजी नव्हते. या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये समुद्रावरील मानवी जीविताच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार तयार झाला. तोच करार पुढे वेळोवेळी सुधारण्यात आला. ‘कोस्टा काँकॉर्डिया’च्या दुर्घटनेनंतर त्यात आणखी एक सुधारणा झाली आणि १ जानेवारी २०१५ पासून नव्याने चढलेल्या प्रवाशांची कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणे बंधनकारक झाले.

नियम झाला, परंतु कवायतीत लक्ष देणे हे कोणत्याही करारात लिहून साधत नाही. पुष्कळ प्रवासी त्या वेळी छायाचित्रे काढण्यात दंग असतात, तर कित्येकांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. वास्तविक त्या अल्प वेळात चार गोष्टी समजून घेणे पुरेसे असते. पहिली, आपले जीवरक्षक जाकीट कोठे ठेवलेले आहे व त्याचे बंद कसे बांधावयाचे. दुसरी, मुलांसाठी त्यांच्या मापाची जाकिटे आहेत की नाहीत. तिसरी, आपली जमण्याची जागा, म्हणजे जहाजावर जिला मस्टर स्टेशन म्हणतात ती, कोठे आहे. चौथी, धोक्याचा भोंगा कसा वाजतो. सात किंवा अधिक वेळा आखूड आणि त्यामागून एकदा लांब, असा त्याचा संकेत जगभर एकच आहे. तो कानी पडताच सामानाचा मोह सोडावा, लिफ्टचा वापर टाळावा आणि जिन्याने आपल्या ठरलेल्या जागी जावे. खोलीपासून त्या जागेपर्यंतची वाट पहिल्याच दिवशी एकदा पायांनी चालून पाहणे सर्वांत उत्तम.

एका माणसाची चूक

प्रवाशाच्या कर्तव्याची दुसरी बाजू अशी की, त्याच्या हातून घडलेली लहानशी चूक शेकडो लोकांना भोवू शकते. दिनांक २३ मार्च २००६ रोजी पहाटे तीनच्या सुमारास वेस्ट इंडीजमधील जमैका बेटाकडे निघालेल्या ‘स्टार प्रिन्सेस’ या जहाजाच्या एका सज्जावर आग लागली आणि वाऱ्याने ती शेजारच्या सज्जांवर झपाट्याने पसरली. ७९ खोल्या जळून निकामी झाल्या व आणखी २१८ खोल्यांना झळ पोहोचली. एक प्रवासी दगावला. कोणीतरी फेकून दिलेल्या सिगारेटच्या थोटकाने ही आग लागली असावी, असा निष्कर्ष चौकशीअंती काढण्यात आला. ज्याने ते थोटूक फेकले असेल, त्याच्या मनात कोणाचे वाईट करावयाचे नसणार. म्हणूनच ठरवून दिलेल्या जागेखेरीज धूम्रपान न करणे, खोलीत इस्त्री वा मेणबत्ती न वापरणे, हे नियम जाचक मानू नयेत.

आजाराचेही तसेच आहे. जहाजावर हजारो माणसे एकाच ठिकाणी जेवतात, त्याच कठड्यांना हात लावतात. जुलाब-वांत्यांची साथ तेथे वेगाने पसरते. साबण व पाण्याने हात स्वच्छ धुणे आणि प्रकृती बिघडताच ते न लपविता जहाजाच्या डॉक्टरांना कळविणे, हे दोन्ही उपाय प्रत्येकाच्या हाती आहेत. कठड्यावर चढणे, त्यावर मूल बसविणे किंवा मद्यपान करून काठाशी जाणे, या गोष्टी तर कटाक्षाने टाळावयास हव्यात. कोणी पाण्यात पडलाच, तर मोठ्याने ओरडून इतरांना सावध करावे, जवळचे तरंगते कडे फेकावे आणि एकाने त्या माणसाकडे बोट दाखवीत त्याच्यावरील नजर क्षणभरही हलवू नये. लाटांत एकदा नजरेआड झालेले माणसाचे डोके पुन्हा सापडणे फार कठीण असते.

आपल्या किनाऱ्यावर

हे सारे मोठ्या जहाजांपुरतेच आहे, आपण तर फेरीबोटीने नदी ओलांडणारी माणसे, असे काहींना वाटेल. आपल्या किनाऱ्याचा इतिहास वेगळे सांगतो. दिनांक १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढातील अमावास्या तोंडावर आली होती व लोक घराच्या ओढीने निघाले होते. लाटांचे पाणी आत येताच घाबरलेले प्रवासी एका बाजूस धावले व कललेली बोट उलटली, अशी हकीकत सांगितली जाते. कोळी बांधवांनी आपल्या होड्यांतून कित्येकांचे प्राण वाचविले. जिल्योच्या रहिवाशांचे आणि या कोळी बांधवांचे नाते एकच आहे.

ही जुनी गोष्ट झाली म्हणावी, तर दिनांक १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान नौका आदळली आणि एकूण १५ जणांचा अंत झाला. त्या नौकेच्या इंजिनाची चाचणी चालू होती. यात बोटीवरील प्रवाशांचा लवलेश दोष नव्हता. परंतु बहुतेकांच्या अंगावर जाकीट नव्हते. त्यानंतर तेथील बोटींवर जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले. जाकीट बाकाखाली ठेवलेले असणे आणि अंगावर बांधलेले असणे, यांतील अंतर अशा वेळी जीवनमरणाचे ठरते.

तेव्हा लहान बोटीत चढतानाही तेच कर्तव्य आहे. बोट अगोदरच भरली असेल, तर चढू नये. पुढील फेरीची वाट पाहावी. जाकीट मागून घ्यावे व ते बांधावे. ते मिळत नसेल, तर विचारणा करण्यास संकोचू नये. कारण तो प्रवाशाचा हक्क आहे आणि ते पुरविणे हे बोट चालविणाऱ्याचे कर्तव्य आहे. काही दिसावे म्हणून सर्वांनी एकाच काठाला गर्दी करू नये. तांडेलाने वारा पाहून बोट सोडण्यास नकार दिला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. प्रवाशांच्या आग्रहाला बळी पडून सोडलेली बोट बुडाली, तर त्या आग्रहाचाही दोषात वाटा असतो.

या कामी प्रत्येकाला काही करता येण्यासारखे आहे. अधिकाऱ्यांनी जाकिटांची मोजणी कागदावर न करता बोटीवर जाऊन करावी, आणि प्रवाशांची मर्यादा दर्शविणारा फलक वाचता येईल अशा जागी लागलेला आहे की नाही, हे पाहावे. शिक्षकांनी सहलीपूर्वी शाळेच्या अंगणात मुलांना जाकीट बांधावयास शिकवावे. दहा मिनिटांत शिकलेली ही गोष्ट मूल जन्मभर विसरत नाही आणि घरी जाऊन आईवडिलांनाही सांगते. नदीकाठच्या व समुद्रकाठच्या ग्रामस्थांनी, ज्यांची मुले जहाजांवर नोकरीस आहेत त्यांनी तर विशेषत्वाने, हा विषय घरातील बोलण्याचा करावा.

समुद्राला भिऊन राहणे हे या भूमीच्या स्वभावात नाही, आणि तसे कोणी सुचवीतही नाही. परंतु येथील जुने दर्यावर्दी नारळ वाहून, नमस्कार करूनच होडी पाण्यात लोटीत. त्या नमस्कारात श्रद्धा होती, तशीच सावधगिरीही होती. आजच्या प्रवाशाने बोट सुटण्यापूर्वीची ती काही मिनिटे मन लावून ऐकली, तर त्याच नमस्काराची परंपरा त्याने पाळली असे म्हणता येईल. प्रवास सुखाचा व्हावा ही सर्वांचीच इच्छा असते. तो सुखरूप व्हावा यासाठी ज्याने त्याने आपला वाटा उचलावा, एवढीच अपेक्षा आहे.