लहानपणीं पाहिलेला चित्रपट

लहानपणीं पाहिलेला आवडता चित्रपट माणूस जन्मभर विसरत नाहीं, असें सहज म्हटलें जातें. वस्तुतः तो बहुतेक सारा विसरलेला असतो. कथेचा क्रम त्याला आठवत नाहीं, नटांचीं नांवें आठवत नाहींत. उरतात तीं दोन-तीन दृश्यें. परंतु तेवढ्या आठवणीनें पन्नाशी उलटलेल्या गृहस्थाचाहि कंठ दाटून येतो. इतकें विसरूनहि जें मागें उरतें, तें नेमकें काय असतें, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

मराठी घरांपुरतें बोलावयाचें तर त्याचें उत्तर शोधण्यास एकच चित्रपट पुरेसा आहे. तो म्हणजे 'श्यामची आई'. साने गुरुजींनीं ही कथा १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिली, १९३५ सालीं ती पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली, आणि १९५३ सालीं आचार्य अत्रे यांनीं तिच्यावर चित्रपट काढला. आईची भूमिका वनमालाबाईंनीं केली, श्यामची माधव वझे या बालनटानें. सर्वोत्कृष्ट चित्रपटास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक प्रथमच दिलें गेलें, तें या मराठी चित्रपटाला मिळालें. गुरुजी मात्र हें पाहावयास नव्हते. १९५० च्या जून महिन्यांत त्यांचें निधन झालें होतें.

मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कसाऱ्याचा घाट लागण्यापूर्वीं, शहापूर तालुक्यांत खर्डी हें स्थानक आहे. अशा लहान गांवांना त्या काळीं चित्रपट भेटे, तो बहुधा एकाद्या जत्रेच्या तंबूंत किंवा शाळेच्या पटांगणावर ताणलेल्या पांढऱ्या पडद्यावर. अशा प्रेक्षकांत बसलेल्या सात-आठ वर्षांच्या एका मुलाची कल्पना करावी. तो आईला टेकून बसला आहे. फिरत्या सिनेमाचें यंत्र बहुधा एकच असे. एक रीळ संपलें कीं दुसरें चढवीपर्यंत खेळ थांबे आणि बत्ती मोठी केली जाई. पडद्यावरची आई नाहींशी झालेली असते. मुलगा मान वळवून पाहतो, तों शेजारीं त्याची स्वतःची आई पदरानें डोळे पुशीत असते.

त्या मुलानें तोंवर आईला रडतांना पाहिलेलें नसतें. आई म्हणजे भाकरी देणारी, रागावणारी, आजारांत उशाशीं बसणारी. तिलाहि कांहीं सोसावें लागतें, तिच्याहि मनांत कोठें तरी दुःख सांठलेलें आहे, हें त्या उजेडांत त्याला प्रथम कळतें. चित्रपट पुढें सुरू होतो, परंतु मुलगा आतां निराळ्या डोळ्यांनीं पाहूं लागतो. चित्रपटांतून जन्मभर उरतें तें हेंच. पडद्यावरचें दृश्य निमित्तमात्र असतें. त्याच्या प्रकाशांत स्वतःच्या घराचें जें दर्शन घडलें, तें मनावर कोरलें जातें.

मोठीं माणसें नाटक-सिनेमा पाहतांना आपल्यांत व त्यांत थोडें अंतर राखून बसतात. मुलांना तें अंतर ठाऊक नसतें. त्यांतून श्याम हा कांहीं आदर्श बालक नव्हे. तो भित्रा आहे, हट्टी आहे. पोहावयास शिकण्याच्या भीतीनें तो लपून बसतो, आणि आई त्याला मार देऊन विहिरीवर पाठविते. पायांना माती लागूं नये म्हणून तो हट्ट धरतो, तेव्हां हीच आई आपलें वस्त्र दगडावर पसरते. आणि पायांना जपतोस तसें मनालाहि जप, एवढेंच त्याला सांगते. मारणारी व वस्त्र पसरणारी आई एकच आहे, हें पाहून मुलाला रडूं येतें. त्या रडण्यांत स्वतःच्या अपराधाची थोडी लाजहि मिसळलेली असते. नुसत्या करुणेचे अश्रू लवकर वाळतात; लाजेचे अश्रू टिकतात.

पुढें वर्षें लोटतात. खर्डीच्या स्थानकावरून पहांटेची गाडी पकडून मुलें कल्याणला, ठाण्याला, मुंबईला जातात. कांहीं रोज परततात, कांहीं तिकडेच बिऱ्हाड करतात. अशा एकाद्या मुलाला तोच चित्रपट पुन्हां दिसतो, या वेळीं घरांतल्या दूरदर्शनवर. आतां त्याचें लक्ष निराळ्याच ठिकाणीं जातें. श्याम शिक्षणासाठीं दूर गेलेला आहे. घरीं दारिद्र्य आहे, आई अंथरुणाला खिळली आहे. आणि श्याम तिच्या शेवटच्या भेटीस पोहोचत नाहीं. लहानपणीं या प्रसंगीं तो रडला होता, तो आपली आई जाईल या भीतीनें. आतां तो रडतो, तो आपल्यालाहि उशीर होईल या भीतीनें. चित्रपट तोच, अश्रूहि तेच. परंतु पाहणारा दुसरा झालेला असतो.

या चित्रपटावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. सोसणाऱ्या आईचे गोडवे गावयाचे, दोन अश्रू ढाळावयाचे, आणि तिला सोसूं द्यावयाचें, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. शहापूर तालुक्याच्या परिसरांतील तानसा, वैतरणा व भातसा या जलाशयांचें पाणी मुंबईच्या नळांना जातें. आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखांत बायका डोक्यावर हंडे घेऊन दूरच्या विहिरी गांठतात. त्यांचे मुलगे शहरांत तें नळाचें पाणी पितात, आणि आईच्या त्यागावरील चित्रपट पाहून डोळे टिपतात. हे अश्रू खोटे आहेत, असें म्हणवत नाहीं. परंतु अश्रू ढाळले म्हणजे ऋण फिटलें, असा समज होणार असेल, तर चित्रपट न पाहिलेला बरा.

साने गुरुजींना हें ठाऊक असावें. त्यांचा श्याम आश्रमांतील मित्रांना रात्रीमागून रात्री आईच्या गोष्टी सांगतो, तो नुसता शोक करण्यासाठीं नव्हे. आई गेल्यावर तिला कांहीं देतां येत नाहीं, म्हणून तिच्यापासून मिळालें तें तो इतरांना देऊं पाहतो. ज्यांची आई गेली आहे, त्यांना एवढाच मार्ग मोकळा आहे. ज्यांची आई आहे, त्यांचें काम पुष्कळच सोपें आहे. खर्डीहून मुंबईचें अंतर गाडीनें दोन-अडीच तासांचें. लहानपणीं बत्तीच्या उजेडांत आईचा ओला चेहरा ज्यानें पाहिला, त्यानें शनिवारच्या गाडीनें घरीं जावें आणि तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घ्यावा. त्या चित्रपटाचें याहून खरें स्मरण दुसरें नाहीं.