अंडाशयास पडणारा पीळ

मुलीच्या पोटांत एकाएकीं कळ उठली आणि मागोमाग उलटी झाली, तर पुष्कळ घरांत पहिला संशय अजीर्णाचा येतो, दुसरा पाळीचा. ओंव्याचा काढा होतो, शेक होतो, आणि अविवाहित मुलीच्या ओटीपोटाची चर्चा बाहेर नको म्हणून डॉक्टरकडे जाणें सकाळवर टाकलें जातें. बहुधा त्यांत कांहीं बिघडतहि नाहीं. परंतु अंडाशयास पीळ पडला असेल तर ती एक रात्र फार महाग पडते.

गर्भाशयाच्या दोन्ही अंगांस बदामाएवढें एकेक अंडाशय असतें. नाशिकच्या मळ्यांत द्राक्षाचा घड जसा देठावर लोंबतो, तसें तें बंधांवर टांगलेलें असतें. रक्तवाहिन्याहि त्याच बंधांतून येतात. द्रवाची गांठ वाढून अंडाशय जड झालें म्हणजे तें फिरून पीळ पडण्याचा संभव वाढतो. लहान मुलींत मात्र गांठ नसतांनाहि असें घडतें. डावीकडची जागा मोठ्या आंतड्यानें व्यापलेली असल्यामुळें हा प्रकार उजवीकडे अधिक आढळतो, आणि म्हणून अपेंडिक्सच्या सुजेशीं त्याची गल्लत होते.

पिळानें प्रथम दबतात त्या पातळ भिंतींच्या शिरा. रक्त आंत येत राहतें, बाहेर जात नाहीं. अंडाशय फुगून काळेंनिळें पडतें. येथेंच पूर्वीच्या शल्यवैद्यांची फसगत होई. काळें तें मेलेलें असें समजून, आणि पीळ उलगडल्यास रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसांत जाईल या भीतीनें, ते अंडाशय तसेंच कापून काढीत. कित्येक दशकें हीच शिकवण होती. अनुभवापुढें ती टिकली नाहीं. अंडाशयास रक्त दोन वाटांनीं मिळतें, एक वरून थेट व दुसरी गर्भाशयाकडून. त्यामुळें तें दिसतें त्याहून चिवट असतें. इस्रायलमधील शल्यवैद्यांनीं २००३ सालीं १०२ स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पीळ सोडवून अंडाशय जागींच ठेवल्यावर ज्यांची पुढें तपासणी झाली, त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक जणींत तें पुन्हां काम करूं लागलेलें आढळलें. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें तर २०१९ सालीं किशोरवयीन मुलींविषयीं स्पष्टच सांगितलें कीं, कुजून हातांत तुटून येण्यासारखी अवस्था नसेल तर अंडाशय काढूं नये. पाळी गेलेल्या स्त्रिया किंवा कर्करोगाचा संशय, हा प्रश्न अर्थात् निराळा.

हें काम आतां दुर्बिणीनें, लहानशा छेदांतून होतें. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनीं १९९० सालीं दुर्बिणीतून पित्ताशय काढलें, तेव्हां ही विद्या नवलाची होती; आज नाशिकांतहि ती रुळली आहे. मात्र सोनोग्राफीवर सर्वस्वीं विसंबतां येत नाहीं. तींत रक्तप्रवाह दिसला तरी पीळ असूं शकतो. कळ, उलटी व वाढलेलें अंडाशय एवढ्यावरून शल्यवैद्य आंत पाहण्याचा निर्णय घेतो, तो घाईचा नव्हे.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीं बापानें एक प्रश्न अवश्य विचारावा: पीळ सोडवून अंडाशय ठेवणार ना? या प्रश्नाचा कोणत्याहि जाणत्या शल्यवैद्यास राग येत नाहीं. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांतून त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालय गांठण्यांतच कित्येक तास जातात. शहरांतील घरांचे तास जातात ते संकोचांत.