कलश चढला, आता पुढे काय?

(मंदिराच्या कलशारोहण समारंभात गावातील एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



आजचा दिवस आनंदाचा आहे. कोणी कापूस विकून वर्गणी दिली, कोणी सिमेंटची पोती उतरवली. ज्यांच्यापाशी देण्यासारखे काही नव्हते त्यांनी डोक्यावर रेती वाहिली. त्या सर्वांना माझे वंदन असो.

आनंदाच्या दिवशी कडू बोलू नये म्हणतात. तरीपण एक कबुली दिल्यावाचून मला राहवत नाही. बावीस वर्षांपूर्वी आपण याच मंदिराचा सभामंडप दुरुस्त केला, तेव्हा हिशेबाची वही माझ्याकडे होती. जमलेला पैसा आम्ही शेवटच्या रुपयापर्यंत खर्च केला. पुढच्या देखभालीसाठी काहीही राखले नाही. पाचसहा वर्षांत पन्हाळीत पिंपळाचे रोपटे उगवले. रोज दर्शनाला येताना ते मी पाहत होतो. एका मजुराच्या अर्ध्या दिवसाचे काम होते, पण ते कोणाचे हे ठरलेलेच नव्हते. त्या मुळांनी भिंत फोडली आणि आज तुम्हाला एवढा खर्च करावा लागला. ही चूक माझी आहे. ती पुन्हा होऊ नये एवढ्यासाठीच मी उभा आहे.

मंडळी, देवस्थान म्हणजे नुसती इमारत नव्हे. त्याचे वावर आहे, विहीर आहे आणि गावाचा विश्वास आहे. हे सर्व नातवंडांच्या हाती धडपणे जावे, याची आखणी आजच व्हावयास हवी.

पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात नायगाव नावाचे गाव आहे. तिकडे पाऊस आपल्यापेक्षा पुष्कळच कमी. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडून पोट भरत होते. ते पाहून पुण्याचे कारखानदार आणि अभियंते विलासराव साळुंखे यांचे मन कळवळले. त्यांनी नायगावच्या देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली. उताराला बांध घातले, खाली पाझर तलाव केला, तलावाखाली विहीर खणली. ओसाड माळावर धान्य पिकले. त्यातूनच पाणी पंचायत उभी राहिली.

परंतु नायगावचे खरे धन बांधात नसून नियमांत आहे. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे : माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावावयाचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जात नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः घालावयाचा. साळुंखे २००२ साली गेले. पण देवाच्या जमिनीतून सुरू झालेला तो विचार आजही माणसे आठवतात.

आता आपल्याकडे पाहू. देवाच्या वावराचा आपण दरसाल लिलाव करतो. पुढच्या वर्षी वावर आपल्याकडे राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो बांध कशाला घालील, शेणखत कशाला टाकील? काळी माती नाल्याने वाहून जाते आणि मक्त्याची रक्कमही उतरत जाते. म्हणून बांधबंदिस्तीची अट घालून मुदत वाढवावी. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीने द्यावयाची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे मात्र विसरू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. १०० चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होते. आपल्याकडे वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस धरला तर ९० हजार लिटर होतात. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ७२ हजार उरतात. आज ते अंगणात चिखल करते. वाळू-गिट्टीच्या खड्ड्यातून ते मंदिराच्या विहिरीत सोडले, तर वैशाखात आपल्या लेकीसुनांची पायपीट थोडी तरी हलकी होईल.

तिसरी गोष्ट पैशाची. शिल्लक रकमेतून चांदीचा दरवाजा करावा असे काही मंडळींचे मत आहे. त्यांची भक्ती मी कमी लेखत नाही. परंतु ती रक्कम बँकेत कायम ठेव म्हणून ठेवावी, आणि व्याजातून दरसाल मृगाआधी छत, पन्हाळी व विहीर यांची साफसफाई करावी. दरवाजा पुढेही होईल. फुटलेली भिंत वाट पाहत नाही.

चौथी गोष्ट माणसांची. ३१ मार्चला हिशेब बंद होतात व त्यांची तपासणीही होते. पण ते कागद कपाटातच राहतात. ते रामनवमीला देवासमोर मोठ्याने वाचावेत. त्याच वेळी पुढील वर्षाची कामे सांगावीत : काम कोणते, करणार कोण, केव्हापर्यंत, खर्च किती. गेल्या वर्षीचे काय राहिले तेही लपवू नये. समितीत दोन तरुण व दोन भगिनी घ्याव्यात, म्हणजे आम्ही म्हातारे गेल्यावर वही पोरकी होणार नाही.

देणगीदारांना माझे एकच सांगणे आहे. आपले नाव शिळेवर कोरले गेले, ते योग्यच झाले. पण ती शिळा ज्या भिंतीत बसवली आहे, ती उभी राहिली तरच नाव टिकेल.

पन्हाळीत रोपटे दिसले तर ते कोणाचे काम, असे आता विचारू नका. हात घाला आणि उपटून टाका.