तोफ, तंबोरा आणि ध्वनिक्षेपक

नवे ध्वनियंत्र घरी आणलेला गृहस्थ ओळखण्यास फारसा वेळ लागत नाही. पाहुणा दारात पादत्राणे काढीत असतो, तोच यजमानाची दृष्टी दिवाणखान्याच्या कोपऱ्यातील त्या दोन काळ्या पेट्यांकडे वळते. चहा येण्यापूर्वी एक तबकडी लावली जाते. अलीकडे तबकडीऐवजी फोनच्या पडद्यावर बोट फिरते, एवढाच काय तो फरक. जी रचना लागते ती यजमानाच्या विशेष आवडीची असतेच असे नाही. कित्येकदा तो एकटा असताना ती ऐकतही नाही. ती पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली असते, जशी एखाद्या घरात चिनी मातीची कपबशी. पाहुणा ‘वाहवा’ म्हणतो, आणि ती वाहवा गायकाला नसून पेट्यांना आहे हे दोघांनाही ठाऊक असते.

या दाखविण्याच्या मुद्रिकांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला १८७७ साली; परंतु त्याच्या कंपनीने १९१५ पासून सुमारे दहा वर्षे अमेरिकेत गावोगावी जे जलसे केले, त्यांतून ही परंपरा खरी रुजली असे म्हणावयास हरकत नाही. रंगमंचावर यंत्र आणि यंत्राशेजारी गायिका. आपल्याच मुद्रिकेबरोबर ती गाऊ लागे, मध्येच ओठ मिटून घेई, आणि गाणे मात्र चालूच राही. कधी दिवे मालवीत. ते पुन्हा लागत तेव्हा श्रोत्यांना दिसे की बाई केव्हाच आत निघून गेल्या आहेत आणि यंत्र एकटेच गात आहे. लोक थक्क होत. आज त्या मुद्रिका ऐकल्या म्हणजे त्यांच्या थक्क होण्याचेच नवल वाटते. ते मुद्रण विजेच्या साहाय्यावाचून, केवळ कर्ण्याच्या बळावर होत असे. खर्ज त्यात जवळजवळ नसे आणि वरची तीन-चार हजार कंपनांपलीकडची झळाळी गळून पडे. मग फसगत झाली कशी? ॲना केस या गायिकेने अशा अनेक जलशांत भाग घेतला होता. पुष्कळ वर्षांनी, उतारवयात, तिने त्यातील मर्म सांगून टाकले. ती आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळवून घेत असे. यंत्राने माणसाची हुबेहूब नक्कल केल्याचा डांगोरा पिटला जात होता, आणि रंगमंचावर माणूस यंत्राची नक्कल करीत होता!

आपल्याकडेही प्रारंभ अशाच नमते घेण्याने झाला. १९०२च्या नोव्हेंबरात कलकत्त्यास फ्रेड गाइसबर्गने गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा कर्ण्याच्या तोंडाशी उभे राहून, तीन मिनिटांच्या आत, सारा ख्याल आटोपावा लागला. तंबोऱ्याची आस त्या कर्ण्यात शिरणे शक्यच नव्हते.

१९२५ साली विजेचे मुद्रण आले, आणि दुसऱ्या महायुद्धाने त्यास अनपेक्षित रीतीने पुढे ढकलले. पाण्याखाली ऐकू येणारा नाद शत्रूच्या पाणबुडीचा की स्वकीयांच्या, हे ओळखण्याचे शिक्षण देण्यासाठी ब्रिटिश वैमानिक दलास सूक्ष्म भेद दाखविणाऱ्या तबकड्या हव्या होत्या. डेक्का कंपनीतील आर्थर हॅडी या अभियंत्याने ते काम अंगावर घेतले. युद्ध संपले, आणि १९४६ साली तीच विद्या स्ट्राविन्स्कीच्या ‘पेत्रुश्का’ या नृत्यसंगीताच्या मुद्रणास लावण्यात आली. वाद्यवृंदाचे संचालन एर्नेस्त आन्सेरमे यांचे होते. इंग्लंडातील हौशी लोकांनी ती मुद्रिका वर्षानुवर्षे यंत्र पारखण्यासाठी वापरली. पाणबुड्या ओळखण्याच्या कसबाने बाहुल्यांचा नाच घरोघरी पोहोचावा, हा योगायोग रम्यच म्हटला पाहिजे.

तथापि या सर्वांत बोलबाला झाला तो तोफेचा. नेपोलियनच्या रशियातील पराभवाची स्मृती म्हणून चायकोव्हस्कीने १८८० साली ‘१८१२’ ही रचना लिहिली. तिच्यात अखेरीस तोफा आणि चर्चच्या घंटा योजिल्या आहेत. खुद्द चायकोव्हस्कीला तिच्याविषयी फारसे प्रेम नव्हते. ती फार गोंगाटाची आहे आणि तिला कलामूल्य बेताचेच आहे, अशा आशयाचे त्याने पत्रातच लिहून ठेवले आहे. परंतु रचनाकाराचे मत ध्वनियंत्रांच्या विक्रेत्यांनी विचारात घेतले नाही. अंताल दोराती यांच्या संचालनाखाली मिनिआपोलिसच्या वाद्यवृंदाने ती १९५४ साली मर्क्युरी कंपनीसाठी वाजविली. तोफेचा आवाज वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात, अठराव्या शतकातील एक फ्रेंच तोफ डागून घेतला. घंटा येल विद्यापीठाच्या मनोऱ्यावरच्या घेतल्या. आणि तीन ठिकाणचे हे तीन नाद एका फितीवर आणून जुळविले. एवढ्यावर न थांबता, हे सारे कसे केले याचे निवेदनही त्याच तबकडीवर घातले. म्हणजे घरातला मनुष्य आपल्या पाहुण्यास तोफ तर ऐकवीच, वर तोफेची कुळकथाही ऐकवी. तबकडी प्रचंड खपली, आणि १९५८ साली स्टिरिओत तीच रचना पुन्हा मुद्रित झाली.

पुढे १९७८ साली टेलार्क कंपनीने सिनसिनाटीच्या वाद्यवृंदाकडून ती अंकीय पद्धतीने मुद्रित करविली, तेव्हा तर कहर झाला. तोफेच्या ठिकाणी तबकडीवरील खाच एवढी वेडीवाकडी वळणे घेते की ती नुसत्या डोळ्यांनी दिसतात. कित्येक यंत्रांची सुई त्या वळणावर उडून बाहेर पडे. ध्वनिक्षेपकास इजा होऊ शकते, असा इशारा वेष्टनावरच छापला होता. अर्थात त्या इशाऱ्याने खप कमी झाला नाही. ज्या घरात सुई टिकली त्या घराने ते शौर्य मानले.

येथे थोडे थांबून विचार करण्याजोगे आहे. तोफेने काय सिद्ध होते? सुई खाच सोडीत नाही, ध्वनिवर्धकाची शक्ती पुरते, आणि ध्वनिक्षेपकाचा पडदा फाटत नाही, एवढे सिद्ध होते. तोफ खरी कशी वाजते हे बहुतेक श्रोत्यांनी कधी ऐकलेलेच नसते. तेव्हा यंत्रातून आलेली तोफ खऱ्यासारखी आहे की नाही, हे ठरवावयाचे कशाशी ताडून? वरिष्ठांच्या तपासणीच्या दिवशी कचेरी जशी दिसते, तशी ही मुद्रिका यंत्राला दाखविते. दप्तरे झाडलेली, टेबलावर फुलदाणी, प्रत्येक जण जागेवर. तपासणी यशस्वी होते. कामकाजाची कळा त्या दिवशी कळत नाही.

हाच न्याय पुष्कळशा नामांकित मुद्रिकांना लावता येईल. १९५९च्या सुमारास ‘पर्स्वेसिव्ह पर्कशन’ नावाच्या तबकडीवर ताशे आणि झांजा एकदा डाव्या पेटीतून, एकदा उजवीतून वाजत. स्टिरिओ म्हणजे काय हे लोकांना त्या टोलवाटोलवीतून कळले. वाजवणारे दोन्ही बाजूंना धावत असावेत असा भास होई. ईगल्सचे १९९४ सालचे ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ प्रेक्षकांसमोर गायिलेले आहे. गिटारच्या तारा छेडल्या जातात, मग तालवाद्याचा खोल ठोका पोटात उतरतो, आणि गिऱ्हाईक खिशात हात घालते. मुद्रण उत्तम आहे यात शंका नाही, पण दुकानात दिवसभर तेच ऐकणाऱ्या नोकरांची दया येते.

याहून निराळ्या जातीची एक रचना आहे, आणि तिचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. सुझान व्हेगा या अमेरिकन गायिकेचे ‘टॉम्स डायनर’ हे गाणे १९८७ साली प्रसिद्ध झाले. त्यात एकही वाद्य नाही. एका बाईचा शांत आवाज, एवढेच. जर्मनीत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग हे शास्त्रज्ञ त्या काळी संगीत थोड्या जागेत दाबून भरण्याच्या खटपटीत होते. पुढे एमपी-३ या नावाने जगभर पसरली ती हीच पद्धती. ध्वनिक्षेपकांची परीक्षा या गाण्याने घेतात असे त्यांच्या वाचनात आले, आणि त्यांनी ते आपल्या पद्धतीतून काढून पाहिले. मोठ्या वाद्यवृंदांना न डगमगणारी त्यांची पद्धती या एकट्या आवाजापुढे साफ कोसळली. आवाज खरखरीत, ओळखू न येणारा झाला. ते गाणे त्यांनी मग शेकडो वेळा ऐकले आणि ते नीट उमटेपर्यंत गणिते सुधारीत राहिले.

कारण समजून घेण्यासारखे आहे. मोठ्या नादाच्या शेजारी असलेला लहान नाद कानाला ऐकू येत नाही, या शरीरधर्मावर ती पद्धती उभी आहे. जे झाकले जाणार ते टाकून द्यावयाचे, आणि होणारी चूकही झाकली जाईल अशा बेताने करावयाची. वाद्यवृंदात लपावयास जागा पुष्कळ. एकट्या आवाजात ती कोठून असणार?

हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्यास हे पटवून देण्याची गरजच नाही. दोन तंबोरे आणि त्यांत मिसळलेला षड्ज, याहून उघडे असे संगीतात काय आहे? तंबोऱ्याचे शास्त्रही विलक्षण आहे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीविषयी निबंध लिहिला. तार जेथे छेडावी त्या बिंदूवरून काही उपस्वर उमटता कामा नयेत असा नियम आहे. परंतु घोडीची रुंद बाकदार पाठ आणि तिच्यावरील सूत यांमुळे तंबोऱ्यात नेमके तेही उपस्वर उमटतात, असे त्यांनी दाखविले. ज्यास जवारी म्हणतात ती हीच. काळी एकमध्ये मिळविलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाची मूळ कंपने सेकंदाला सत्तरच्या आत येतात, तर त्याची जवारी हजारोंच्या घरात चमकत असते. गमतीची गोष्ट अशी की लहानशा रेडिओतून ती सत्तर कंपने बहुधा बाहेर पडतच नाहीत, तरीही खर्ज ऐकू येतो. वरच्या उपस्वरांच्या अंतरावरून कान तो स्वतःच भरून काढतो. त्यामुळे खर्ज ‘ऐकू आला’ एवढ्यावरून यंत्राला गुण देऊ नयेत. जवारी मात्र कानाला उसनी आणता येत नाही. ती वाळूसारखी खरखरली, किंवा तंबोरे दोन आहेत हे कळेनासे झाले, तर दोष यंत्राचा अथवा मुद्रणाचा समजावा.

अशा कानाला तृप्त करणारी एक मुद्रिका परदेशात झाली. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि राय कूडर यांची गिटार यांचे ‘ए मीटिंग बाय द रिव्हर’ हे मुद्रण कॅलिफोर्नियातील सांता बार्बारा येथील एका प्रार्थनागृहात झाले आणि १९९३ साली प्रसिद्ध झाले. ॲलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली पेटंटासाठी मांडलेल्या कल्पनेप्रमाणे दोन मायक्रोफोन एकाच जागी तिरपे ठेवून ते केले आहे. वादक कोठे बसले आहेत आणि त्यांच्यामागे दालन किती खोल आहे, हे डोळे मिटल्यावर दिसते. याला दाखविण्याची मुद्रिका म्हणावे तर तीत दाखवेगिरी नाही.

असे असले तरी, एकटा आवाज ही सर्व दोषांची कसोटी होय, असा ग्रह करून घेऊ नये. शॉन ऑलिव्ह या संशोधकाने निरनिराळ्या रचना ऐकवून कोणत्या रचनेने ध्वनिक्षेपकातील दोष श्रोत्यांस अचूक सापडतात हे मोजले. सर्वांत उपयोगी ठरला तो सर्व सप्तकांत शक्ती सारखी वाटलेला, धबधब्यासारखा एक कृत्रिम गोंगाट. आणि खऱ्या संगीतात, ट्रेसी चॅपमनचे १९८८ सालचे ‘फास्ट कार’. नुसते बोलणे आणि एकट्या वाद्याचे वादन मागे पडले. कारण उघड आहे. एकटा आवाज थोड्याच स्वरपट्ट्यांना स्पर्श करतो. यंत्र ज्या पट्टीत लंगडते तेथे तो गेलाच नाही, तर लंगडेपण दिसावे कसे? एकटा आवाज भेसळ उघडी पाडतो, भरलेली रचना तोल उघडा पाडते.

फ्लॉइड टूल आणि ऑलिव्ह यांचा १९९४ सालचा दुसरा प्रयोग अधिक बोचरा आहे. तेच ध्वनिक्षेपक तेच श्रोते एकदा पडद्याआड ऐकतात आणि एकदा डोळ्यांदेखत. डोळ्यांदेखत ऐकताना मोठ्या देखण्या पेट्यांचे गुण चढले आणि लहान, स्वस्त यंत्राचे घसरले. हे श्रोते ध्वनियंत्रे बनविणाऱ्या कंपनीतीलच होते! मग महिन्या-दोन महिन्यांचा पगार घेऊन दुकानात गेलेल्या सामान्य गृहस्थाची काय कथा? मुंबईत काळा घोड्याजवळील ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झाले. तेथे निदान मुद्रिका विकत घेण्यापूर्वी एका छोट्या खोलीत बसून ऐकण्याची सोय होती. आता पुष्कळ दुकानांत गिऱ्हाइकाने दहा मिनिटांत निवाडा करावयाचा असतो, आणि तबकडी निवडतो विक्रेता.

विक्रेत्याच्या हातचा सर्वांत जुना डाव आवाज चढविण्याचा. फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले की आवाज लहान असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो. म्हणून दोन यंत्रांपैकी जे किंचित मोठ्याने वाजते ते भरदार वाटते. ते मोठ्याने वाजत आहे हे मात्र लक्षात येत नाही. यावर उपाय फार साधा आहे. दोन्हींचा आवाज सारखा करून मागावा, आणि आपल्या ओळखीची रचना आपणच बरोबर न्यावी. ज्याने भीमसेन जोशी समोर बसून ऐकले असतील त्याने त्यांचीच मुद्रिका न्यावी. तोफ विक्रेत्यापाशीच राहू द्यावी.

दुकानात गोड वाजलेले यंत्र घरी आल्यावर घुमू लागते, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. त्यात फसवणूक असतेच असे नाही. हवेत नाद सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. दोन भिंतींमधले अंतर ३.४४ मीटर, म्हणजे सव्वाअकरा फूट असेल, तर सेकंदाला पन्नास कंपनांचा नाद त्या भिंतींत बरोबर बसतो आणि फुगतो. शहरातल्या खोल्या साधारण याच मापाच्या. मग डग्ग्यावरची घसीट, जी खालून वर सरकत जावयाची, ती एका जागी येऊन ढब्बकन् बसते, आणि लोक यंत्रास दोष देतात. ध्वनिक्षेपक कोपऱ्यात असेल तर हे फुगणे अधिकच वाढते. तो कोपऱ्यातून काढून भिंतीपासून हातभर पुढे ओढावा, समोर सतरंजी अंथरावी, आणि विलंबित लयीतला एखादा ठेका पुन्हा लावून डग्ग्याचा घुमारा वेगळा ऐकू येतो का हे पाहावे. पेट्या खोलीच्या मध्याकडे सरकल्याने घरातील इतर माणसांची गैरसोय होते. तो प्रश्न मात्र ध्वनिशास्त्राच्या कक्षेबाहेरचा आहे.