चंद्राकडून आलेली छायाचित्रे

तुंगारेश्वराच्या डोंगरामागून वर येणारा जो पूर्णचंद्र वसई-विरारकर आपापल्या गच्चीवरून नित्य पाहतात, त्याच्याभोवती हार्बिन येथील तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा हात लागलेला, अवघ्या 47 किलो वजनाचा 'लाँगजियांग-2' हा चिनी उपग्रह 2018 साली फिरू लागला, तेव्हा त्याचा संदेश ऐकण्याची मुभा सरकारी वेधशाळांइतकीच जगभरच्या हौशी रेडिओप्रेमींनाही होती.

सुमारे पावणेचार लाख किलोमीटरांवरून, घरातल्या दिव्याहूनही कमी शक्तीच्या प्रक्षेपकाने धाडलेली ती लहर इतकी क्षीण असे, की एकेक छायाचित्र तुकड्यातुकड्यांनी, मुंगीच्या पावलांनी उतरे. आणि 3 फेब्रुवारी 2019 रोजी टिपलेले, चंद्राची पलीकडची बाजू व तिच्यामागे इवलीशी पृथ्वी दाखवणारे चित्र नेदरलँड्समधील ड्विंगेलो येथील 25 मीटर व्यासाच्या जुन्या दुर्बिणीवर स्वयंसेवकांनी ग्रहण केले, त्याला जवळजवळ वीस मिनिटे लागली. 31 जुलै 2019 रोजी तो उपग्रह हेतुपुरस्सर चंद्रावर आदळवण्यात आला.

असे संदेश ऐकणाऱ्या हौशी रेडिओच्या छंदाची ज्यांना ओढ वाटते, त्यांनी केंद्रीय दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन रीतसर परवाना मिळवावा. वयाची अट केवळ 12 वर्षांची आहे.