आनंदीबाईंचा सागरप्रवास

विद्यार्थ्यांच्या परदेशगमनावर आम्ही चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते. आगबोटीने विलायतेस जाण्याचा योग आम्हांस आला नाही. तथापि आनंदीबाई जोशी यांची हकीकत नांदगावच्या मुलांस आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो.

१८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधील सेरामपूर येथे भरसभेत त्यांनी लोकांच्या शंकांस उत्तरे दिली. एकटी का जातेस? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय? (ज्ञातीच्याच सभेत हे सांगताना थोडा संकोच होतो खरा.) आपला आहार, पोशाख, आचार पालटणार नाही, मग बहिष्कार कशासाठी, हे त्यांचे उत्तर. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या. न्यूयॉर्कला पोहोचल्या ४ जूनला. वय अवघे १८, पती मागे राहिलेले, सोबतीस मिशनरी स्त्रिया. मांसाहारी पंगतीत शाकाहार सांभाळून त्या मुलीने ते दिवस कसे काढले असतील! १८८६ साली फिलाडेल्फियास त्या डॉक्टर झाल्या.

हे शिकविणारे आम्हीच. परंतु गावातील एका हुशार मुलीस परदेशी शिकण्याची संधी आली, तेव्हा तिच्या वडिलांस आम्हीच म्हणालो, "एकटी पोर, तिकडे खाईल काय?" आमच्या शब्दास मान देऊन त्यांनी तिला पाठविले नाही.

गेल्या महिन्यात तीच बाई आपल्या लेकीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आमच्या दारी आली. जुन्या गोष्टीचा तिने उच्चारही केला नाही. शिफारस आम्ही त्याच दिवशी लिहून दिली. तो अर्ज आज मंडळापुढे आहे.